‘सॉरी’ म्हणजे काय ?

परभाषेंतून येणारे शब्द बहुधा वस्तूंच्या मागोमाग येतात. स्टेशन आलें तेव्हां त्याचें नांव आलें, पेन्सिल आली तेव्हां तिचें नांव आलें. जी वस्तु आपल्याकडे नव्हती तिला शब्दहि नव्हता, तेव्हां दोन्ही एकदम घेतलीं यांत नवल नाहीं. पण ‘सॉरी’ हा शब्द कोणत्या वस्तूच्या मागोमाग आला ? चूक ही कांहीं विलायती वस्तु नव्हे. दुसऱ्याला दुखविणें, मागाहून मन खाणें, शेवटीं जाऊन पाय धरणें, हें सर्व आपल्याकडे इंग्रजांच्या कितीतरी आधींपासून होतें, आणि त्यासाठीं शब्दांचीहि वाण नव्हती. असें असतां आज मराठी घरांत धक्का लागला तर ‘सॉरी’, उशीर झाला तर ‘सॉरी’, उसना आणलेला ग्रंथ हरवला तर ‘सॉरी’, आणि चार पाहुण्यांदेखत पत्नीचा पाणउतारा केला तर, सद्‌बुद्धि झालीच तर, रात्रीं ‘सॉरी’. इतक्या लहानमोठ्या व्यवहारांत एकच नाणें चालत असेल तर तें एकदां दगडावर वाजवून पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम ज्याचा हा शब्द, तो इंग्रज स्वतः तो कसा वापरतो हें पाहूं. वाटेंत कोणाला धक्का लागला कीं तो ‘सॉरी’ म्हणतो. इतकेंच नव्हे, धक्का दुसऱ्यानें दिला असला तरीहि पुष्कळदां हाच म्हणतो. बोलणें नीट ऐकूं आलें नाहीं तर स्वर किंचित् चढवून ‘सॉरी ?’ म्हणतो, तेथें ‘काय म्हणालांत?’ एवढाच अर्थ. नकार द्यावयाचा असला तर वाक्याच्या आरंभीं हाच शब्द उभा राहतो. दुकानदार ‘सॉरी, माल संपला’ असें म्हणतो तेव्हां त्या दुःखानें त्याला रात्रीं झोंप लागणार नाहीं असें कोणीहि समजत नाहीं. कोणाची आई वारल्याचें कळलें म्हणजे ‘आय् ॲम सॉरी’ म्हणतात, तेथें अर्थ शोक. एखाद्याची कींव आली तर तीहि ‘सॉरी’च. ‘यू विल बी सॉरी’ ही तर उघड धमकी. नामाच्या आधीं विशेषण म्हणून हाच शब्द ठेवला तर अर्थ दीनवाणा, केविलवाणा असा होतो. पडक्या वाड्याची किंवा मोडक्या संसाराची अवस्था अशी ‘सॉरी’ असते. आपल्या पचिशीच्याच वंशांतला एक खेळ विलायतेंत व अमेरिकेंत घरोघर खेळतात, त्याचें नांवच ‘सॉरी’. त्यांत प्रतिपक्षाची सोंगटी उठवून तिला मूळ घरीं पाठवावयाचें, आणि तसें करतांना मोठ्या आनंदानें तो शब्द उच्चारावयाचा ! शोक, पश्चात्ताप, नकार, प्रश्न, कींव, धमकी आणि विजयाचा हर्ष, इतकें सारें या दोन अक्षरांच्या पोटांत मावतें.

या शब्दाचें मूळ ‘सॉरो’ म्हणजे दुःख यांत असावें असें कोणालाहि वाटेल. पण भाषाशास्त्र तसें सांगत नाहीं. ‘सॉरी’चा जन्म ‘सोअर’ या शब्दाच्या कुळांत झाला. सोअर म्हणजे दुखरें, ठणकणारें. ‘सॉरो’ हें निराळें घराणें. जर्मन भाषेंत काळजी या अर्थाचा जो ‘झोर्ग’ शब्द आहे तो त्याचा भाऊबंद. पुढें उच्चारसाम्यामुळें दोन घराण्यांचा शेजार झाला आणि अर्थाची देवघेव सुरू झाली. तेव्हां मुळांत ‘आय् ॲम सॉरी’ म्हणजे ‘मला ठणकतें आहे’ इतकेंच. दुसऱ्याला लागलें याचा त्यांत उल्लेख नाहीं; तें कोणामुळें लागलें याचा तर नाहींच नाहीं.

इंग्रजींतला याहून भारदस्त शब्द ‘अपॉलॉजी’. त्याची कथा अधिकच मौजेची आहे. ग्रीक भाषेंत ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपीनें न्यायासनापुढें केलेलें बचावाचें भाषण. इ. स. पूर्वीं ३९९ या वर्षीं अथेन्समध्यें सॉक्रेटिसावर खटला झाला. त्या वेळचें त्याचें म्हणून जें भाषण प्लेटोनें लिहून ठेविलें तें याच नांवानें प्रसिद्ध आहे, आणि त्यांत सॉक्रेटिसानें ना अपराध कबूल केला, ना दयेची भीक मागितली. १८६४ सालीं न्यूमन यांनीं आपल्या धर्ममतांतील स्थित्यंतराचें समर्थन करणारें आत्मवृत्त लिहिलें, त्याच्या लॅटिन नांवांतहि हा शब्द याच जुन्या अर्थानें आला आहे. म्हणजे चुकीच्या प्रसंगीं इंग्रजी बोलणाराच्या हातीं जे दोन प्रमुख शब्द येतात त्यांपैकीं एकाचें मूळ स्वतःच्या दुखण्यांत, आणि दुसऱ्याचें स्वतःच्या बचावांत !

आतां आपले शब्द त्यांच्याशेजारीं ठेवून पाहूं. ‘क्षमा’ हा शब्द सहन करणें या अर्थाच्या धातूपासून झाला; सर्वांचा भार निमूटपणें सोसते म्हणून पृथ्वीलाहि क्षमा हें नांव आहे. ‘क्षमा करा’ म्हणणारा ऐकणाराला सांगतो कीं, मीं केलें तें आपण सोसावें. ‘माफी’ अरबींतून आली. तिचा अर्थ सूट, मुक्तता. दुष्काळांत सारा माफ होतो, गरिबाची फी माफ होते. म्हणजे माफी मागणारा आपण ऋणको असल्याचें आधीं मान्य करतो. ‘दिलगीर’ हा फारसी शब्द. ज्याचें हृदय दुःखानें धरलें आहे तो दिलगीर. ‘सॉरी’ला खरा जवळचा आप्त हाच, आणि म्हणूनच कीं काय, जेथें कोणावरहि दोष येऊं द्यावयाचा नसतो त्या जाहीर सूचनेंत ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोंत’ हें वाक्य हटकून आढळतें. शेवटचा साधा, गांवंढा, पण सर्वांत कठीण शब्द ‘चुकलों’. त्याला आडपडदा नाहीं, आणि त्यांतला कर्ताहि लपत नाहीं.

या व्युत्पत्तींवरून इंग्रज दांभिक आणि आम्ही तेवढे सत्यनिष्ठ, असा निष्कर्ष काढणें पोरकटपणाचें होईल. शब्दाचें कूळ म्हणजे शब्दाचें शील नव्हे. ‘क्षमा करा’ म्हणणारांत लबाड नसतात, किंवा ‘सॉरी’ म्हणतांना कोणाचा कंठ दाटून येत नाहीं, असें कोण म्हणेल ? तथापि या तुलनेनें एक गोष्ट स्पष्ट होते. अपराधाच्या प्रसंगीं तीन निरनिराळ्या गोष्टी संभवतात : घडलें त्याचें दुःख, आपण केलें याची कबुली, आणि पुढचा निकाल ज्याला लागलें त्याच्या हातीं सोंपविणें. ‘सॉरी’ पहिली गोष्ट निश्चित सांगतो, दुसरी सांगतो कीं नाहीं हें संदिग्ध ठेवतो, आणि तिसरीचें नांवहि काढीत नाहीं. ‘क्षमा करा’ या शब्दांना उत्तर लागतें. तें ‘नाहीं’ असेंहि असूं शकतें. ‘सॉरी’ला उत्तराची गरजच नाहीं, कारण ती स्वतःच्या अवस्थेची वार्ता आहे. म्हणूनच ‘सॉरी म्हटलें ना आतां !’ हें वाक्य आपण नित्य ऐकतों. ‘क्षमा मागितली ना आतां !’ असें म्हणणारानें मागण्याचा अर्थच ओळखलेला नसतो.

मग हा शब्द हद्दपार करावा काय ? आमचें मत तसें नाहीं. त्याला त्याची स्वतःची एक जागा आहे, आणि त्या जागीं त्याच्या तोडीचा मराठी शब्द आम्हांस सांपडत नाहीं. ती जागा म्हणजे दोषावांचून हातून घडलेलें अनिष्ट. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानें १९७६ सालीं नैतिक दैवावर एक निबंध लिहिला, त्यांतलें एक उदाहरण सर्वत्र प्रसिद्ध झालें आहे. एक लॉरीवाला कांहींहि दोष नसतां एका मुलाच्या मृत्यूस कारण होतो. रस्त्यावरच्या बघ्यांनाहि दुःख होतें. पण लॉरीवाल्याचें दुःख त्यांच्यासारखें नसतें, आणि तसें असूंहि नये. आपण त्याला ‘तुझा कांहीं अपराध नाहीं’ असें म्हणून धीर देतों, आणि तें योग्यच आहे. पण तो आपण होऊन, लगेच, शांतपणें ‘माझा कांहीं अपराध नाहीं’ असें म्हणून घरीं जाऊन जेवायला बसला, तर त्या माणसाविषयीं आपल्या मनांत कांहींतरी खटकतें. विल्यम्स यांनीं या भावनेला जें नांव दिलें त्याला आम्ही मराठींत ‘कर्तृखेद’ म्हणूं. हा खेद गुन्हेगाराचा नव्हे आणि तिऱ्हाइताचाहि नव्हे. तो केवळ ‘हें माझ्या हातून घडलें’ एवढ्याच नात्याचा खेद आहे.

आमच्या वाचकांस या ठिकाणीं दशरथाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. अंधारांत घागर भरल्याचा आवाज झाला, तो हत्तीचा समजून राजानें शब्दवेधी बाण सोडला, आणि श्रावण पडला. मारण्याचा हेतु नव्हता. पण न दिसणाऱ्या गोष्टीवर बाण सोडण्याचा अभिमान होता, हेंहि खरें. येथें दोष किती आणि दैव किती याचा हिशेब पंडितांनीं खुशाल करावा. दशरथानें तो केला नाहीं. काळोखांत त्याला कोणीं पाहिलें नव्हतें, तो परत अयोध्येस जाऊं शकत होता. पण तो पाणी घेऊन त्या आंधळ्या मातापित्यांकडे गेला, आणि हें मीं केलें असें त्यानें स्वतःच्या तोंडानें सांगितलें. त्याबद्दल त्याला शाप मिळाला. आमच्या मतें या कथेंत शापाहून त्या पाण्याच्या घागरीचें महत्त्व अधिक आहे. दुःखाचें दुःख न राहतां तें दुसऱ्याच्या तहानेपर्यंत पोंचलें.

अशा प्रसंगीं मराठी माणसानें काय म्हणावें ? ‘चुकलों’ म्हणणें कदाचित् असत्य होईल. ‘क्षमा करा’ म्हटलें तर नसलेला गुन्हा पदरीं घेतल्यासारखें होईल. ‘वाईट वाटलें’ हे तर बघ्याचे शब्द. येथें ‘सॉरी’ची संदिग्धता हाच त्याचा गुण ठरतो. पण हा निर्मळ उद्गारहि माणसांना कित्येक वर्षें भीतभीत काढावा लागे, कारण न्यायालयांत त्याचा अर्थ कबुली असा होईल ही धास्ती. रोगी दगावला तर त्याच्या आप्तांना चार शब्द बोलण्याचें डॉक्टर टाळूं लागले. म्हणून अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १९८६ सालीं, अपघातानंतरचे सहानुभूतीचे उद्गार दोषाचा पुरावा म्हणून चालणार नाहींत असा कायदा केला. कॅनडांत ब्रिटिश कोलंबिया प्रांतानें २००६ सालीं आणि ऑन्टारिओनें २००९ सालीं त्यापुढें जाऊन, दोषाची स्पष्ट कबुली असली तरीहि ‘अपॉलॉजी’चा उपयोग बोलणाराविरुद्ध करतां येणार नाहीं असें ठरविलें. या कायद्यांनीं दुःखाच्या तोंडावरचा हात काढला हें पुण्यच झालें. परंतु दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर कबुलीची किंमतहि उतरली. जें बोलल्यानें कांहींच पणाला लागत नाहीं तें बोलणाऱ्याच्या शब्दाचें वजन ऐकणारानें कसें करावें ?

व्यक्तीच्या हातीं जें संदिग्ध शस्त्र सौम्य असतें तें राष्ट्रांच्या हातीं फार धारदार होतें. १ एप्रिल २००१ रोजीं दक्षिण चीनच्या समुद्रावर अमेरिकेचें टेहळणी विमान व एक चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक प्राणास मुकला. अमेरिकेचें विमान हैनान बेटावर परवानगीवांचून उतरलें आणि त्यांतले २४ लोक अडकून पडले. चीन क्षमायाचना मागत होता, अमेरिका ती द्यावयास तयार नव्हती. शेवटीं ११ एप्रिल रोजीं अमेरिकेनें एक पत्र दिलें, त्यांत वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि परवानगीवांचून उतरण्याबद्दल आपण फार ‘सॉरी’ आहोंत असें म्हटलें होतें. चीननें आपल्या लोकांना ही क्षमायाचना म्हणून दाखविली. अमेरिकेनें आपल्या लोकांना हा केवळ खेद म्हणून सांगितला. आणि माणसें सुटलीं. येथें या शब्दानें चोवीस कुटुंबांचा जीव भांड्यांत पडला, म्हणून त्याला दोष देण्यास आमची जीभ रेटत नाहीं. पण सत्याचा निर्णय मात्र त्यानें केला नाहीं. त्यानें तो टाळला.

याच्या अगदीं उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचें. तेथील आदिवासी मुलांना विसाव्या शतकांत कित्येक दशकें सरकारी धोरणानें आईबापांपासून तोडून नेण्यांत आलें. १९९७ सालीं त्याविषयींचा चौकशी-अहवाल प्रसिद्ध झाला, आणि पुढल्या वर्षापासून २६ मे हा दिवस लोक ‘सॉरी डे’ म्हणून पाळूं लागले. पंतप्रधान हॉवर्ड यांचें म्हणणें असें कीं, मागील पिढ्यांनीं केलेल्या गोष्टींचा अपराध आजच्या पिढीनें शिरावर घेऊं नये. म्हणून १९९९ सालीं त्यांनीं पार्लमेंटांत मनःपूर्वक खेदाचा ठराव आणिला, पण ‘सॉरी’ हा शब्द त्यांत येऊं दिला नाहीं. तो १३ फेब्रुवारी २००८ रोजीं पंतप्रधान रड यांनीं उच्चारला, तेव्हां तो ऐकण्यासाठीं जमलेल्या वृद्धांच्या डोळ्यांना धारा लागल्या. जो शब्द लंडनच्या रस्त्यावर धक्का लागतांच फुकट मिळतो, त्याच शब्दासाठीं एका समाजानें वर्षानुवर्षें वाट पाहिली ! त्या आदिवासींच्या इंग्रजींत ‘सॉरी’ शब्दाला आणखीहि एक अर्थ आहे. कोणी मृत्यु पावलें असतां जें सुतक, जे शोकविधि पाळावयाचे, त्यांना ते ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. म्हणजे इंग्रजाच्या हातीं झिजून गुळगुळीत झालेलें हें नाणें, ज्यांना त्या राज्यानें सर्वांत अधिक लुबाडलें त्यांच्याजवळ पुनः शोकाच्या अस्सल धातूचें झालें.

आपल्या देशालाहि अशा एका शब्दाची वाट आहे. १३ एप्रिल १९१९ रोजीं अमृतसरच्या जालियनवाला बागेंत सरकारी आंकड्याप्रमाणेंच ३७९ माणसें मारलीं गेलीं. शताब्दीच्या तीन दिवस आधीं, १० एप्रिल २०१९ रोजीं, पंतप्रधान थेरेसा मे यांनीं ब्रिटिश पार्लमेंटांत त्याबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. क्षमा मागितली नाहीं. कोणी म्हणेल, शंभर वर्षांनंतर एका शब्दाचा एवढा अट्टाहास कशाला ? पण जो शब्द काढण्यासाठीं एखादें सरकार इतकें कांकूं करतें, तो निरर्थक नाहीं हें तेंच सरकार सिद्ध करीत असतें. खेद भूकंपाचाहि होतो. गोळी झाडण्याचा हुकूम हा भूकंप नव्हे.

राष्ट्रांना जो न्याय लावला तो घरालाहि लावला पाहिजे, नाहींतर आमचें हें विवेचन दिवाणखान्यांतल्या राजकारणासारखें फुकट जाईल. मराठी माणसानें ‘सॉरी’ इतक्या सहज कां स्वीकारला ? आमच्या मतें याचें कारण हा शब्द परका आहे हेंच होय. आपल्या भाषेंतला ‘चुकलों’ लहानपणापासून छडीबरोबर, आईच्या रागाबरोबर वाढलेला असतो. तो उच्चारतांना मान आपोआप खालीं जाते. ‘सॉरी’ उच्चारतांना मान ताठ ठेवतां येते. परक्या भाषेंतली शिवी जशी कमी झोंबते तशीच परक्या भाषेंतली कबुलीहि कमी बोचते. वडील मुलाला ‘माझें चुकलें’ असें म्हणूं शकत नाहींत. ‘सॉरी’ मात्र म्हणतात. न म्हणण्यापेक्षां हें पुष्कळ बरें, हें आम्हीहि मानतों. जुन्या घरांतून वडीलधाऱ्यांनीं धाकट्यांजवळ चूक कबूल करण्याची चालच नव्हती. तिथें या पाहुण्या शब्दानें एक खिडकी उघडली आहे.

परंतु आपल्याकडे शब्दावांचून क्षमा मागण्याच्याहि रीती आहेत. कोणाला चुकून पाय लागला तर आपण त्याला हात लावून तो कपाळाला लावतों. त्या कृतींत दुःख, कबुली आणि आदर हीं तिन्ही एका क्षणांत येतात. जैन कुटुंबांत पर्युषणाच्या शेवटीं लहानथोर एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. माझें दुष्कृत्य मिथ्या होवो, असा त्याचा भाव. त्यांत आपल्या कृत्याला दुष्कृत्य हें नांव दिलेलें आहे, आणि धाकट्यापुढें थोरानेंहि तें म्हणावयाचें आहे. या रीतीहि यांत्रिक होतात, पाठ म्हणाव्या तशा म्हटल्या जातात, हें आम्हांस ठाऊक आहे. पण रीतीचा सांचा भक्कम असला तर त्यांत कधींतरी भाव ओततां येतो.

तेव्हां प्रश्न शब्द देशी कीं विलायती हा नाहीं. ‘सॉरी’ म्हणतांना प्रत्येकानें मनाशीं एवढें पाहावें : जें झालें त्याचें मला दुःख आहे, कीं तें उघडकीस आलें याचें ? मीं काय केलें हें मी एका सरळ वाक्यांत, ‘पण’ न लावतां, सांगूं शकतों काय ? आणि समोरच्यानें ‘नाहीं, अजून माझ्यानें विसरवत नाहीं’ असें उत्तर दिलें तर तें ऐकून घेण्याची माझी तयारी आहे काय ? धक्का लागल्याच्या ‘सॉरी’ला या प्रश्नांची गरज नाहीं, तो सुखेनैव चालावा, त्यानें गर्दींतलें जिणें थोडें मऊ होतें. पण ज्या ठिकाणीं खरोखर कोणाचें मन मोडलें आहे तेथें त्या एका शब्दावर थांबूं नये. त्याच्यापुढें आपल्या कृत्याचें नांव जोडावें, आणि मग गप्प राहावें. पुढचें वाक्य बोलण्याचा अधिकार आतां दुसऱ्याचा असतो.